पोटावरच्या पिशवीची शिकवणी, जुन्या रुग्णाकडून

गुदाशयाच्या कर्करोगात कधी कधी शौचाचा मार्ग पोटावर काढावा लागतो. आतड्याचं टोक पोटाच्या भिंतीतून बाहेर आणून शिवतात, त्याला स्टोमा म्हणतात. त्याच्याभोवती चिकट चकती लावून तिला पिशवी जोडतात. टोक मोठ्या आतड्याचं असेल तर ती कोलोस्टॉमी, लहान आतड्याचं असेल तर इलिओस्टॉमी. शस्त्रक्रिया काही तासांत उरकते. पिशवी मात्र पुढे घरच्या मोरीत, रोजच्या घाईगर्दीत सांभाळायची असते. हे कसब ज्याच्या स्वतःच्या पोटावर स्टोमा आहे त्याच्याकडून फार चांगलं शिकता येतं.

अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकचे सर्जन रुपर्ट टर्नबुल यांनी हे ओळखलं आणि १९५८ मध्ये नॉर्मा गिल यांना नव्या रुग्णांना शिकवायला कामावर घेतलं. गिल नर्स नव्हत्या. अल्सरेटिव्ह कोलायटिसमुळे, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज येऊन व्रण पडण्याच्या आजारामुळे, त्यांची स्वतःची इलिओस्टॉमी झालेली होती. १९६१ मध्ये तिथेच या कामाचं प्रशिक्षण सुरू झालं. स्टोमा नर्स हा पेशा त्यातून वाढला. म्हणजे इथे आधी रुग्णच शिक्षक झाले आणि नर्स नंतर आल्या.

जुना रुग्ण शिकवतो ते बारकावे असे. इलिओस्टॉमीची पिशवी सकाळी चहाच्या आधी बदलावी. पोट रिकामं असतं, मध्येच धार लागत नाही. भोवतीची त्वचा कोमट पाण्याने पुसून पूर्ण कोरडी करायची. खोबरेल किंवा मलईदार साबण लावला की चकती धरत नाही. चकतीचं भोक स्टोमापेक्षा २ ते ३ मिलिमीटर मोठं कापायचं. जास्त मोठं झालं तर उघड्या कातडीवर पाचकरस येऊन ती सोलवटते. घट्ट झालं तर कडेने स्टोमा कापला जातो, आणि स्टोमाला वेदना नसतात म्हणून ते कळतही नाही. पहिले सहा ते आठ आठवडे सूज उतरत जाते, म्हणून दवाखान्यात दिलेलं माप कायमचं धरू नये. दर बदलीला नव्याने मोजावं. चिकटवल्यावर तळहात मिनिटभर दाबून ठेवायचा, उबेने डिंक धरतो. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करायची. ‘अजून थोडा वेळ चालेल’ म्हणत राहिलं की वजनाने चकती सुटते, आणि बहुतेक वेळा नेमकी प्रवासात.

अनुभवाचा धोकाही इथेच आहे. डाव्या बाजूची कोलोस्टॉमी असलेल्याचं शौच बऱ्यापैकी घट्ट असतं. ‘मी सगळं खातो, तूही खा, पाणी भरपूर पी’ हा त्याचा सल्ला त्याच्यापुरता खरा. इलिओस्टॉमीत मात्र मोठं आतडं वाटेत नसतं, त्यामुळे पाण्याबरोबर मीठही वाहून जातं. स्थिरावल्यावर दिवसाला साधारण ५०० ते ८०० मिलिलिटर द्रव बाहेर येतो. तो दीड-दोन लिटरवर गेला असताना नुसतं पाणी पीत राहिलं, तर लहान आतड्यात उलट आणखी सोडियम उतरतं आणि गळती वाढते. तिथे ओआरएस हवं, आणि डॉक्टरांना कळवायला हवं. पुडी असेल तर तिच्यावर लिहिलेल्या पूर्ण मापाच्या पाण्यात. नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने. मक्याचे दाणे, ओल्या खोबऱ्याचे तुकडे, न चावलेले शेंगदाणे सुरुवातीला टाळावेत. स्टोमाच्या तोंडाशी गोळा अडकू शकतो.

म्हणून शिकवणाऱ्याची शस्त्रक्रिया शिकणाऱ्यासारखीच असावी. शक्यतो वयही जवळपास असावं, आणि उपचार संपून त्याला काही काळ लोटलेला असावा. औषधांचे डोस, केमोथेरपी, आजार परत येण्याची शक्यता यांवर त्याने बोलायचं नाही, ‘हे डॉक्टरांना विचारा’ म्हणायचं. मुंबईत ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडिया आहे. तिच्यासारख्या संघटनांतून असा माणूस मिळू शकतो.

आपल्याकडे पिशवीचं काम बहुधा बायको किंवा सून अंगावर घेते आणि रुग्ण खाली बघतही नाही. चांगला शिक्षक रुग्णाच्याच हातात आरसा देतो आणि घरच्यांना बाजूला बसवतो. नुसतं ‘समजलं ना?’ विचारून भागत नाही; मान सगळेच हलवतात. दोघांकडून एकेकदा भोक कापून, चिकटवून घ्यायचं. घरच्यांशी वेगळंही बोलावं. वासाची किळस, झोपताना पिशवी फुटेल ही भीती, महिन्याचा खर्च, हे रुग्णासमोर कोणी विचारत नाही.

कशाला घाबरायचं नाही हेही शिकवावं लागतं: पुसताना रक्ताचे दोन-चार थेंब येतात, ते चालतं. स्टोमा गालाच्या आतल्या कातडीसारखा लालसर, ओलसर हवा. तो काळपट-जांभळा झाला, किंवा पोटात कळा आणि उलट्या येऊन काही तास पिशवीत काहीच आलं नाही, तर फोनवर सल्ले विचारत न बसता थेट रुग्णालय गाठायचं.

बाहेर जाताना आधीच भोक कापलेल्या दोन चकत्या, पिशव्या आणि ओला रुमाल जवळच्या पिशवीत असावा. उन्हात उभ्या गाडीत हे सामान ठेवू नये, डिंक वितळतो.