निसर्गदृश्यांचे छायाचित्रण व लेन्सची निवड

शेते, टेकड्या, पाणवठे, पायवाटा अशा मोकळ्या परिसराचे चित्रण करणारी छायाचित्रणाची शाखा. ती छायाचित्रणाइतकीच जुनी आहे. कॅमेऱ्याने टिपलेले, आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने छायाचित्र नीसेफोर न्येप्स यांनी १८२६-२७च्या सुमारास फ्रान्समध्ये घेतले. तेही खिडकीबाहेर दिसणाऱ्या परिसराचेच आहे.

चौकटीत किती परिसर मावेल हे लेन्सच्या नाभीय अंतरावर (फोकल लेंथ, लेन्सवर मिमीमध्ये लिहिलेला आकडा) ठरते. ३६ × २४ मिमी संवेदकावर (सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारा कॅमेऱ्यातील भाग) २४ मिमी लेन्सचा दृश्यकोन कर्णाच्या दिशेने सुमारे ८४ अंश असतो, ५० मिमीचा ४७, तर २०० मिमीचा जेमतेम १२.

विस्तीर्ण दृश्यासाठी वाइड, म्हणजे कमी नाभीय अंतराची व रुंद दृश्यकोनाची लेन्सच हवी, हा समज सर्रास आढळतो. पण तो अपुरा आहे. वाइड लेन्समध्ये पायाशी असलेला दगड भलामोठा दिसतो आणि डोळ्यांत भरलेली डोंगररांग क्षितिजावर चिंचोळी पट्टी होऊन उरते. पुढ्यात बांध, ओहळ, गवताचा झुबका असे काही ठळक नसेल, तर निम्मी चौकट ओकीबोकी राहते. उलट ७०-२०० मिमीची, अरुंद दृश्यकोनाची टेलिफोटो लेन्स धुक्यातल्या डोंगरांचे थर एकमेकांना खेटून उभे करते. मात्र ही किमया खरे तर अंतराची असते. एकाच जागेवरून २४ मिमीने घेतलेल्या चित्राचा मधला भाग कापून मोठा केला, तर वस्तूंचे परस्पर प्रमाण २०० मिमीच्या चित्रासारखेच भरते. म्हणून आधी उभे राहण्याची जागा ठरवावी, मग लेन्स. झूम फिरवण्यापूर्वी चार पावले चालणे केव्हाही श्रेयस्कर.

पुढचे गवत आणि दूरचा डोंगर दोन्ही रेखीव हवे असल्यास वाइड लेन्स सोयीची पडते. २४ मिमी लेन्सचे छिद्र एफ/११ ठेवून (एफपुढचा आकडा मोठा, तितके छिद्र लहान) ती सुमारे १.८ मीटरवर फोकस केली, की ०.९ मीटरपासून अनंतापर्यंत सारे पुरेसे स्पष्ट येते. २०० मिमीला त्याच छिद्रमानावर फोकस सुमारे १२० मीटरवर न्यावा लागतो. ६० मीटरच्या आतले धूसर होते. छिद्र एफ/२२पर्यंत लहान केल्यास विवर्तनामुळे (लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्याने) सगळेच चित्र मऊ पडू लागते. १९३२ मध्ये ॲन्सेल ॲडम्स, एडवर्ड वेस्टन आदी अमेरिकी छायाचित्रकारांनी स्थापन केलेल्या गटाने ‘एफ/६४’ हे नाव घेतले खरे, पण त्यांच्या कॅमेऱ्यांच्या निगेटिव्ह मोठ्या होत्या. त्या फारशा वाढवाव्या लागत नसल्याने विवर्तन जाणवत नसे.

पोलरायझर (लेन्सपुढे लावायचा, ध्रुवित प्रकाश अडवणारा फिल्टर) आकाशाचा निळा रंग गडद करतो, सूर्यापासून ९० अंशांवर सर्वाधिक. अतिवाइड लेन्सवर आकाशाचा मोठा पट्टा एकदम येत असल्याने मध्येच काळपट डाग दिसतो. तेथे पोलरायझर काढून ठेवावा.