पोलीस मालिका : पडद्यामागची कारागिरी

पोलिसी तपासावरच्या मालिकेत प्रेक्षकाला दिसणारे दार, रक्त, प्रयोगशाळा, वर्दी आणि कागदपत्रे हे सगळे बनवलेले असते. ते कसे बनते आणि कुठे फसते, याची ही नोंद. उदाहरणे प्रामुख्याने ‘सीआयडी’ या हिंदी मालिकेची घेतली आहेत. तुलना नागपूरच्या प्रत्यक्ष तपासपद्धतीशी केली असून, नागपुरात लघुपट किंवा वेबमालिका करणाऱ्या चमूंना उपयोगी पडेल असा तपशील जागोजागी दिला आहे. पैसा आणि मेहनत बहुधा दार आणि रक्तावर खर्च होते. चोरी पकडली जाते ती कागदावर आणि खांद्यावरच्या फितीवर.

पूर्वपीठिका

मुंबई दूरदर्शनवरच्या ‘एक शून्य शून्य’ या मराठी मालिकेचे नाव पोलीस नियंत्रण कक्षाच्या १०० या क्रमांकावरून आले होते (आता तो क्रमांक ११२ आहे). ‘सीआयडी’चे निर्माते बी. पी. सिंग आणि तिचे मुख्य नट शिवाजी साटम ही जोडी तिथलीच. सिंग मूळचे कॅमेरामन; त्यांच्या पुढच्या कामात कॅमेऱ्याची हौस का दिसते, ते यावरून कळते. ‘सीआयडी’ २१ जानेवारी १९९८ रोजी सोनी वाहिनीवर सुरू झाली आणि २७ ऑक्टोबर २०१८ पर्यंत तिचे १,५४७ भाग झाले. डिसेंबर २०२४ मध्ये ती पुन्हा सुरू झाली.

कलाकारांची पार्श्वभूमी पोलिसी मुळीच नव्हती. एसीपी (सहायक पोलीस आयुक्त) प्रद्युम्न साकारणारे साटम सेंट्रल बँक ऑफ इंडियात रोखपाल होते. दयाची भूमिका करणारे दयानंद शेट्टी थाळीफेकपटू होते, आणि दार फोडण्याचे काम त्यांच्याच वाट्याला का आले याचे उत्तर त्यांच्या खांद्यांत आहे. अभिजीत झालेले आदित्य श्रीवास्तव त्याआधी याच मालिकेत गुन्हेगार म्हणून दिसले होते. सुरुवातीच्या काळातला इन्स्पेक्टर वीरेंद्र म्हणजे पुढे दिग्दर्शक म्हणून गाजलेले आशुतोष गोवारीकर. फ्रेडरिक्स रंगवणारे दिनेश फडणीस यांचे ५ डिसेंबर २०२३ रोजी निधन झाले.

मालिकेतला चमू साध्या कपड्यांत वावरतो. वर्दी नसली की फिती, तारे, बिल्ले, नेमप्लेट यांतल्या चुकांचा प्रश्नच उरत नाही. वीस वर्षे चालणाऱ्या मालिकेसाठी ही सोय फार मोठी होती.

मालिकेतले ‘सीआयडी’ कुठल्याही खुनावर तासाभरात हजर होते. महाराष्ट्राच्या खऱ्या राज्य गुन्हे अन्वेषण विभागाचे मुख्यालय पुण्यात आहे आणि शासनाने किंवा न्यायालयाने सोपवलेले गुन्हे, कोठडीतील मृत्यू अशी प्रकरणे त्याच्याकडे जातात. सीताबर्डीत खून झाला तर आधी पोहोचतात ते सीताबर्डी ठाण्याचे लोक आणि समांतर तपासाला शहराची गुन्हे शाखा. ‘एसीपी’ हे पदही आयुक्तालयातच असते. नागपूर शहरात सहायक पोलीस आयुक्त आहेत. शहराची हद्द ओलांडून काटोल किंवा रामटेकला गेले की त्याच दर्जाचा अधिकारी उपविभागीय पोलीस अधिकारी होतो. कथा ग्रामीण भागात घडवून तिथे ‘एसीपी साहेब’ आणणे ही पटकथांमधली नेहमीची चूक आहे.

१११ मिनिटांचा शॉट

२००४ साली ‘सीआयडी’चा एक भाग १११ मिनिटांच्या एकाच सलग शॉटमध्ये, एकही कट न घेता चित्रित झाला. त्याची गिनीज बुकात नोंद झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो प्रसारित झाला.

फिल्मवर हे शक्यच नव्हते. ३५ मिमी फिल्म सेकंदाला २४ चौकटी या वेगाने मिनिटाला ९० फूट जाते, म्हणजे १,००० फुटांचे मॅगझिन (कॅमेऱ्यावरचा फिल्मचा डबा) अकरा मिनिटांत संपते. व्हिडिओ टेपची मोठी कॅसेट दोन तासांच्या आसपास चालते, त्यामुळे वेळेची मर्यादा टेपवर सुटते. बाकीच्या अडचणी मात्र तिथूनच सुरू होतात. दिवे लपवायला जागा नसते, कारण कॅमेरा चारही बाजूंना फिरतो. म्हणून खोलीतल्याच ट्यूबलाइट आणि टेबल लॅम्पमध्ये जास्त क्षमतेचे दिवे घालून काम भागवावे लागते. बूम माइकची (लांब काठीवरच्या माइकची) सावली भिंतीवर पडते, म्हणून कपड्यांत लपवलेले माइक. आणि कपड्यांत माइक म्हणजे झटापटीच्या दृश्यात खरखर. दिवसाउजेडी चित्रीकरण असेल तर १११ मिनिटांत सूर्य आकाशात जवळजवळ २८ अंश सरकतो. खिडकीतून येणारा उन्हाचा पट्टा पहिल्या प्रवेशात सोफ्यावर असेल, तर शेवटच्या प्रवेशात तो दुसरीकडेच गेलेला असतो. खिडक्यांना ट्रेसिंग पेपर लावून ऊन पसरवणे हा त्यावरचा स्वस्त उपाय.

सर्वांत मोठा धोका माणसांचा असतो. नव्वदाव्या मिनिटाला कुणी संवाद विसरला, तर नव्वद मिनिटे वाया. त्यामुळे अशा भागांत संवाद तोंडपाठ करण्यापेक्षा ‘कुणाच्या कुठल्या वाक्यावर कोण कुठून निघतो’ याचा तक्ता पाठ करणे महत्त्वाचे ठरते. शब्द चुकला तर नट सावरून घेतो. जागा चुकली तर कॅमेरा सावरू शकत नाही. नाटकाच्या तालमी केलेली माणसे इथे सरस ठरतात.

नवशिक्या चमूने सात-आठ मिनिटांपासून सुरुवात करावी. स्थिरक यंत्रावर कॅमेरा पेलणाऱ्याचे खांदे आणि कंबर त्याच्या पुढे दगा देऊ लागतात, आणि नागपूरच्या मे महिन्यात, पारा ४५ अंशांकडे असताना, कॅमेराच तापून आपोआप बंद पडू शकतो.

दार

‘दया, दरवाजा तोड दो’ ही ओळ आज बंद वर्गाबाहेर ताटकळणारी कॉलेजची पोरेही म्हणतात. खरे मजबूत दार लाथेने एका फटक्यात तुटत नाही. तुटते ते आधीच कमकुवत केलेले असते, आणि कमकुवत दार करायचे नसते, कमकुवत चौकट करायची असते. फळी फुटली तर दर टेकला नवी फळी लागते. कुलपाजवळची चौकटीची पट्टी फुटली तर फक्त तीच बदलायची.

चौकटीवर जिथे कडी किंवा लॅच अडकते तिथे साधारण एक फुटाची पट्टी वेगळी बसवतात. ती देवदारासारख्या मऊ लाकडाची असावी. मागच्या बाजूने करवतीने पाऊण जाडीपर्यंत चिरून चीर मेणाने किंवा पुट्टीने बुजवतात आणि वर दाराचाच रंग मारतात. लॅचचे लांब स्क्रू काढून अर्ध्या इंचाचे लावतात. बिजागऱ्यांना हात लावू नये. त्या सैल केल्या तर दार नटाच्या अंगावर येते. दार लाथ मारणाऱ्यापासून दूर, आतल्या बाजूला उघडणारे हवे. बाहेर उघडणारे दार लाथेने उघडायला गेले की ते चौकटीच्या खाचेवरच आपटते आणि दणका गुडघ्यात बसतो. पडद्यावर ही चूक अनेकदा दिसते.

लाथ पूर्ण तळव्याने, कुलपाच्या शेजारी बसवायची, बोटांनी नाही. दाराच्या मागे गादी किंवा वाळूची पोती ठेवावीत, नाहीतर दार भिंतीवर आपटून परत येते आणि मागून आत शिरणाऱ्याचे नाक फुटते. पट्ट्या किमान चार तयार ठेवाव्यात. लकडगंजच्या लाकूड बाजारात कापून मिळतात. रंग मात्र आदल्या दिवशीच द्यावा, कारण ओला रंग कॅमेऱ्यात चमकतो. आवाज नंतर भरायचा असतो. सेटवरचा खरा आवाज फळीच्या पोकळपणामुळे हास्यास्पद येतो.

रक्त आणि काच

पातळ लाल रंग म्हणजे रक्त नव्हे. साधी कृती : एक कप लिक्विड ग्लुकोज, दोन-तीन चमचे पाणी, एक चमचा खाण्याचा लाल रंग, निळ्या रंगाचा एखादा थेंब आणि अर्धा चमचा कोको. निळा आणि कोको नसले तर ते सरबतासारखे दिसते. जुने, सुकत आलेले रक्त हवे तर कोको वाढवावा आणि चमकणारी ओल घालवायला थोडे कॉर्नफ्लोअर टाकावे. लिक्विड ग्लुकोज बेकरीच्या सामानाच्या दुकानांत, मस्कासाथ-इतवारी भागात, मिळते. उन्हाळ्यात ते पातळ होऊन ओघळते, डिसेंबरच्या थंडीत मधासारखे घट्ट बसते. पाण्याचे प्रमाण त्यानुसार बदलावे. पांढऱ्या शर्टावरचा खाण्याचा रंग पूर्ण निघत नाही, म्हणून एकाच मापाचे तीन शर्ट धरावेत. मुंग्या आणि माश्या दहा मिनिटांत येतात, आणि मृतदेह झालेला नट माशी बसली की पापणी हलवतोच.

फुटणारी काच साखरेची करतात : दोन कप साखर, एक कप पाणी, अर्धा कप लिक्विड ग्लुकोज. मिश्रण १५० अंश सेल्सिअसपर्यंत न ढवळता उकळून तेल लावलेल्या ताटात ओतायचे. १४० च्या खाली उतरवले तर काच वाकते, फुटत नाही; १६० च्या वर गेले तर पिवळी पडते. थर्मामीटरशिवाय ही कृती करूच नये. साखर हवेतली ओल ओढते, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये नागपुरात अशी काच काही तासांत चिकट आणि धुरकट होते; एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत मात्र छान टिकते. उन्हाळ्याचा एवढा तरी फायदा. तुकड्यांच्या कडा खऱ्या काचेइतक्या नसल्या तरी कापतात, हे नटाला आधी सांगावे.

डॉ. साळुंखे यांची प्रयोगशाळा

नरेंद्र गुप्ता यांनी साकारलेले डॉ. साळुंखे शवविच्छेदन करतात, विष ओळखतात, बोटांचे ठसे जुळवतात आणि डीएनएही काढतात. वास्तवात ही निदान तीन-चार वेगळी खाती आहेत. नागपुरात शवविच्छेदन शासकीय वैद्यकीय महाविद्यालय (नागपूरकरांचे ‘मेडिकल’) किंवा इंदिरा गांधी वैद्यकीय महाविद्यालय (‘मेयो’) यांच्या न्यायवैद्यक विभागात होते. विष शोधणे, रक्तगट, डीएनए हे काम शहरातल्याच प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेचे. ठसे तपासणारा पोलिसांचा अंगुलिमुद्रा विभाग निराळा. मालिकेने हे सगळे एका पांढऱ्या कोटात बसवले, कारण एक नट आणि एक सेट पुरतो.

विषबाधेचा संशय असेल तर डॉक्टर व्हिसेरा (तपासणीसाठीचे आतले अवयव) राखून ठेवतात : जठर त्यातल्या द्रव्यासह, लहान आतड्याचा सुमारे ३० सेंमी तुकडा, साधारण ५०० ग्रॅम यकृत आणि दोन्ही मूत्रपिंडांचा अर्धा-अर्धा भाग. जठर-आतडे एका बरणीत, यकृत-मूत्रपिंड दुसऱ्या बरणीत, मिठाच्या संपृक्त द्रावणात. आम्लाने विषबाधा झाली असेल तर मिठाऐवजी रेक्टिफाइड स्पिरिट वापरतात. त्यातही कार्बोलिक आम्ल अपवाद. बरणी दोन-तृतीयांशच भरतात, कारण आत वायू तयार होऊन झाकण उडू शकते. जे द्रावण वापरले त्याचा नमुनाही वेगळा पाठवावा लागतो. पडद्यावर हे करायला रुंद तोंडाच्या दोन बरण्या, लाखेचे सील आणि लेबल एवढेच लागते. तरी बहुतेक सेटवर रंगीत पाण्याच्या काचनळ्या बुडबुडे सोडत असतात.

रक्ताच्या नळ्यांची बुचेही बोलतात. डीएनएसाठी ईडीटीए असलेली जांभळ्या बुचाची, मद्यतपासणीसाठी सोडियम फ्लोराइड असलेली राखाडी बुचाची. रक्ताळलेला कपडा सावलीत सुकवून कागदी लिफाफ्यात ठेवतात. मालिका सर्रास पारदर्शक प्लास्टिक वापरतात, कारण कॅमेऱ्याला आतली वस्तू दिसते. पण प्लास्टिकमध्ये ओल कोंडून बुरशी धरते आणि डीएनए खराब होतो. पिस्तूल रुमालाने उचलणे हाही पडद्यावरचाच रिवाज आहे. रुमालाने ठसे पुसले जातात.

कागद, वर्दी, पाटी

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित बाब म्हणजे कागद. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. त्या तारखेनंतर घडलेल्या खुनाच्या एफआयआरवर कलम १०३ हवे, ३०२ नव्हे. कथा २०१० मध्ये घडत असेल तर मात्र ३०२ च बरोबर, कारण गुन्हा घडला त्या दिवशीचा कायदा लागतो. प्रथम खबर पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १५४ खाली नोंदवत, आता तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ खाली. संशयास्पद मृत्यूच्या पंचनाम्याचे कलम १७४ चे १९४ झाले आहे. पंचनाम्यावर सुरू केल्याची आणि संपल्याची वेळ, आणि पोलीस नसलेल्या दोन पंचांच्या सह्या असतात. ‘सीआयडी’त पंच जवळजवळ कधीच दिसत नाहीत.

वर्दीतली सर्वांत विनोदी चूक फितीची. पोलीस निरीक्षकाच्या खांद्यावर तीन तारे आणि लाल-निळी फीत असते. सहायक आयुक्ताचेही तारे तीनच, पण फीत नसते. म्हणजे भाड्याच्या वर्दीवरची फीत गळून पडली की निरीक्षकाला तिथल्या तिथे बढती मिळते. उपनिरीक्षकाला दोन तारे आणि फीत. महाराष्ट्र पोलिसांचे ब्रीद ‘सद्रक्षणाय खलनिग्रहणाय’ असे आहे. ठाण्याच्या पाटीवर ते अनेकदा चुकीचे रंगवले जाते. पेंटरला ते लिहून द्यावे, फोनवर सांगू नये.

चित्रीकरणाची माहिती हद्दीतल्या ठाण्याला लेखी द्यावी, विशेषतः नकली पिस्तुले असतील तेव्हा. वर्दीतल्या नटाने चहाला बाहेर पडताना वरून साधा शर्ट चढवावा. फसवण्याच्या हेतूने लोकसेवकाचा पोशाख घालणे न्याय संहितेच्या कलम २०५ खाली गुन्हा आहे. नटाचा हेतू तसा नसतो, पण हे रस्त्यावरच्या माणसाला दिसत नाही. गाड्यांच्या पाट्यांवर एमएच ३१ नागपूर शहराचे, ४९ पूर्व नागपूरचे, ४० नागपूर ग्रामीणचे; सेटवर खोटा क्रमांक लावायचा असेल तर तो स्टिकरचा असावा आणि गाडी सार्वजनिक रस्त्यावर नेण्याआधी काढून टाकावा.