चहाने झोप जात नाही, लपते: ट्रक ड्रायव्हरचा बर्नआऊट आणि अ‍ॅडेनोसिन

लांब पल्ल्याचा ट्रक चालवणाऱ्या कुणालाही विचारा, झोप आली की काय करतोस? उत्तर ठरलेलं असतं. काच खाली, गाणी मोठ्याने, एक कडक चहा नाहीतर कॉफी, आणि काढ गाडी पुढे. हे असं वर्षानुवर्षं चालतं आणि मग एक दिवस तोच माणूस म्हणतो की आता केबिनमध्ये चढावंसंच वाटत नाही, घरी फोन लावायचाही कंटाळा येतो. आजूबाजूचे म्हणतात, आळशी झाला. मला हे ऐकून खरंच वाईट वाटतं, कारण हा माणूस आळशी झालेला नसतो, त्याच्या डोक्यात काहीतरी अगदी मोजता येण्यासारखं बिघडलेलं असतं.

बर्नआऊट हा शब्द या अर्थाने हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने 1974 मध्ये रूढ केला. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये त्याची व्याख्या दिली, त्यात तीन गोष्टी येतात: अंगातली ताकद संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल तुटलेपण किंवा कडवटपणा, आणि आपण काम नीट करतोय असं न वाटणं. संघटना याला आजार म्हणत नाही, कामाशी जोडलेली अवस्था म्हणते. ड्रायव्हरच्या बाबतीत या सगळ्याच्या तळाशी बहुतेक वेळा साचलेली झोप असते, म्हणून आधी तिचं बघू.

आता माझा सगळ्यात आवडता रेणू, अ‍ॅडेनोसिन. शाळेत एटीपी शिकलो होतो ना, पेशीचं इंधन? अ‍ॅडेनोसिनला तीन फॉस्फेट चिकटले की एटीपी. मेंदू दिवसभर काम करतो, फॉस्फेट सुटत जातात, आणि नुसतं अ‍ॅडेनोसिन पेशींच्या बाहेर साठत राहतं. म्हणजे मेंदूने किती काम केलं त्याची राखच म्हणा. ही राख ए१ आणि ए२ए नावाच्या रिसेप्टरवर (पेशींवरच्या खुर्च्याच म्हणा) जाऊन बसते, ए१ जागं ठेवणाऱ्या पेशींना दाबतो, ए२ए झोपेकडे नेणारी यंत्रणा चालू करतो, आणि आपल्याला जांभई येते. झोपलो की साठा उतरतो. इतकं सोपं आणि इतकं सुंदर आहे हे!

कॅफीनचा आकार अ‍ॅडेनोसिनशी इतका मिळताजुळता की ते त्याच रिसेप्टरवर जाऊन बसतं, पण काहीच करत नाही, नुसती जागा अडवतं. अ‍ॅडेनोसिन कमी झालेलं नसतं, ते बाहेर उभंच असतं, उलट साठतच असतं. कॅफीन जसजसं उतरतं तसतसं ते आत घुसतं, म्हणून रात्री अकराला टवटवीत असलेला माणूस तीनला गळून जातो. त्यात शरीराचं घड्याळ मध्यरात्रीनंतर ते पहाटेपर्यंत तसंही सगळ्यात खालच्या पातळीवर असतं (या घड्याळाच्या जनुकांच्या कामाला 2017 चं नोबेल मिळालं). अजून एक बारीक गोष्ट, जरा किचकट आहे पण सांगतोच: सतत कॅफीन दिलेल्या उंदरांच्या मेंदूत ए१ रिसेप्टरची संख्याच वाढते, आणि रात्रभर जागवलेल्या माणसांच्या पीईटी स्कॅनमध्येही (मेंदूतले रिसेप्टर दाखवणारी तपासणी) ए१ वाढलेले दिसलेत. म्हणजे कॅफीनने खुर्च्या अडवल्या तर मेंदू खुर्च्याच वाढवतो, आणि मग काल एका कपात भागायचं तिथे आज तीन लागतात. कॅफीन शरीरातून निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात, तेव्हा रात्री दहाची कॉफी पहाटे तीनलाही अर्धी शिल्लक असते आणि त्यानंतर मिळालेली झोपही कच्ची करते.

खरी भीती मला वेगळ्याच गोष्टीची वाटते. 2003 मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात काही लोकांना 14 दिवस रोज चार किंवा सहा तासच झोपू दिलं. त्यांचं लक्ष देण्याचं काम दिवसेंदिवस घसरत गेलं, शेवटी ते एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसांइतकं खाली आलं. पण त्यांना विचारलं की किती झोप येतीये, तर पहिल्या काही दिवसांनंतर उत्तर जवळजवळ तेच राहिलं. डिझेल संपत आलंय आणि काटा अर्ध्यावरच अडकलाय! म्हणून 'मला सवय आहे' असं म्हणणाऱ्या ड्रायव्हरवर मी खोटेपणाचा आरोप करणार नाही, त्याला खरंच तसं वाटत असतं.

मग येते ती मायक्रोस्लीप, काही सेकंदांची डुलकी, कधी डोळे उघडे असताना सुद्धा. ताशी 80 च्या वेगाने चार सेकंदांत ट्रक नव्वद मीटरच्या आसपास जातो. हात स्टेअरिंगवर, मान किंचित कललेली, आणि कडेच्या पट्टीवर टायर घरघरला की दचकून जाग. रात्री ड्रायव्हरांना रस्त्यावर बाई उभी दिसते, प्राणी आडवा गेल्याचा भास होतो, आणि मग तो पट्टा झपाटलेला ठरतो. अहो, अर्धवट झोपेत मेंदू स्वप्नाचे तुकडे समोरच्या काचेवर टाकतो, भूत नाही ते. अशा जागी पूजा घालण्यापेक्षा ट्रक उभा करायला जागा करून दिली तर जीव वाचतील. एनर्जी ड्रिंकच्या जाहिरातींचंही तेच, त्यातलं काम करणारं मुख्यतः कॅफीनच. काच उघडणं आणि गाणी हे सिम्युलेटरवर (गाडी चालवण्याच्या नकली केबिनमध्ये) तपासून झालंय, फरक थोडा आणि थोड्या वेळापुरता.

काय करायचं तर गाडी सुरक्षित जागी लावून आधी कॉफी घ्यायची आणि लगेच वीस मिनिटांचा गजर लावून आडवं व्हायचं. कॅफीनचा असर व्हायला साधारण तेवढाच वेळ लागतो, तोवर डुलकीने अ‍ॅडेनोसिन थोडं उतरलेलं असतं. गजर वीसच्या पुढे नको, खोल झोपेतून उठलं की डोकं जड राहतं, आणि उठल्यावरही दहा-पंधरा मिनिटं थांबूनच चावी फिरवायची. मुख्य झोपेच्या आधी सहा तास कॅफीन बंद. घोरणं, झोपेत श्वास अडकणं, सकाळी डोकं दुखणं असेल तर स्लीप अ‍ॅप्निया (झोपेत पुन्हा पुन्हा श्वास थांबण्याचा आजार) तपासून घ्या, नाहीतर आठ तास झोपूनही काही हाती लागत नाही.

पण सगळं ड्रायव्हरवर ढकलू नका. कामाच्या ताणाचा अभ्यास करणाऱ्या रॉबर्ट कॅरासेक यांनी 1979 मध्ये मांडलं होतं की कामाचा ताण जास्त आणि आपल्या हातात ठरवायला काही नाही, हे सगळ्यात वाईट मिश्रण. ट्रकवाल्याचं नेमकं हेच असतं, डिलिव्हरीची वेळ दुसऱ्याने ठरवलेली, गोदामाबाहेर माल उतरायची वाट बघत चार तास गेले तर ते कुणी कामात धरत नाही आणि ती विश्रांतीही नसते, कारण कधीही हाक येईल म्हणून कान जागे. युरोपात साडेचार तास गाडी चालवली की 45 मिनिटं थांबायचा कायदा आहे, पण त्या थांब्यात फोनवर ऑफिसचा माणूस 'कुठपर्यंत आलास' विचारत असेल तर मेंदू कसला थांबतोय? डिस्पॅचवाल्यांनी, म्हणजे गाड्या पाठवणाऱ्या ऑफिसच्या माणसांनी, झोपेच्या तासांत फोन करायचा नाही, एवढं जरी पाळलं तरी पुष्कळ होईल.

घरच्यांनाही एक सांगायचंय. लांबच्या फेरीवरून आलेला माणूस पहिल्या दिवशी तडकतो, बोलत नाही, दुपारी झोपतो आणि रात्री टक्क जागा असतो. घड्याळ फिरलेलं असतं त्याचं. साचलेली झोप एका रात्रीत भरत नाही, बरेच दिवस लागतात. तेव्हा पडदे ओढा, फोन बाजूला ठेवा, आणि घरातल्या तक्रारी तिसऱ्या दिवशी काढा.