कुलूप लावलेल्या घरातला विषाणू

श्रावण सरत आला की आमच्या वाडीतली बंद घरं उघडतात. वर्षभर कडीला कुलूप आणि अंगणात गुडघाभर गवत. मग चाकरमानी येतात, मेन स्विच चालू होतो आणि त्याच घरातून आरती ऐकू येते.

बारावीच्या वर्गात एका मुलीने विचारलं, "सर, रिपोर्टात एचआयव्ही सापडत नाही, तरी गोळ्या जन्मभर का?" तेव्हा मला ही घरंच आठवली.

एचआयव्ही हा रेट्रोव्हायरस. त्याची जनुकं आरएनएची. आरएनएवरून डीएनए घडवणारं विकर 1970 मध्ये टेमिन आणि बाल्टिमोर यांनी स्वतंत्रपणे शोधलं. हा डीएनए आपल्या पेशीच्या डीएनएत कायमचा जोडला जातो. त्याच्या सुरुवातीच्या टोकाला जणू स्विचबोर्डच असतो. टी-पेशी संसर्गाशी लढायला जागी झाली की तिचं एनएफ-कप्पा-बी हे प्रथिन केंद्रकात शिरून तिथं चिकटतं आणि स्विच लागतो. विषाणूच्या आपल्याकडच्या सी उपप्रकारात अशा चिकटायच्या जागा बहुधा तीन असतात, युरोप-अमेरिकेतल्या बीमध्ये दोन. पेशी निवांत असेल तर मात्र सगळं चिडीचूप. गोळ्या विषाणूला नव्या पेशींत पसरू देत नाहीत. पण जिथं काही तयारच होत नाही, तिथं त्या काय अडवणार? गोळ्या थांबवल्या की बहुतेकांमध्ये काही आठवड्यांतच विषाणू परततो.

स्विच लागला तरी सुरुवातीचे बहुतेक आरएनए अर्धवटच तुटतात. जे थोडे पूर्ण होतात त्यांच्यापासून टॅट हे प्रथिन बनतं, आणि ते डीएनएवरून आरएनए नकलणाऱ्या विकराला पुढे रेटतं. मग आरएनए वाढतो, तसा टॅटही. पेशी आधी फक्त कापून जोडलेले, साधारण 2,000 अक्षरांचे संदेशच केंद्रकाबाहेर सोडते. रेव्ह हे दुसरं प्रथिन पुरेसं साठलं की ते 9,000 अक्षरांचा अख्खा आरएनए बाहेर काढतं. नव्या विषाणूत भरला जातो तो हाच.

मला सगळ्यात थक्क करते ती पुढची गोष्ट. पावसाळ्यात विहिरीच्या चिऱ्याच्या पायरीवर शेवाळ धरतं. रोज उतरणाऱ्याचाही पाय तिथं कधीतरी सटकतोच. या आरएनएवरही अशी एक पायरी आहे: ओळीने सहा वेळा यू हे अक्षर, मग ए, आणि लगेच पुढे आरएनएची घडी. तीन-तीन अक्षरं वाचत प्रथिन बनवत येणारा रायबोसोम घडीपाशी अडखळतो आणि शंभरात साधारण पाच वेळा एक अक्षर मागे घसरतो. घसरला नाही, तर कवचाचं गॅग प्रथिन बनून काम थांबतं. घसरला, तर थांबण्याची खूण चुकते आणि गॅगला जोडूनच विकरंही तयार होतात. कवचाला माल भरपूर लागतो, विकरं थोडी पुरतात. प्रयोगशाळेत हे प्रमाण बिघडवलं, तेव्हा विषाणूची संसर्गक्षमता घसरली.

त्या मुलीने पुढे विचारलं, "मग घरं एकदाची उघडून साफ करता येणार नाहीत?" झोपलेल्या पेशी जागवणारी औषधं माणसांवर वापरून पाहिली आहेत. विषाणूचा आरएनए वाढला, पण लपलेला साठा फारसा घटला नाही. म्हणून काही संशोधक उलट्या वाटेने निघालेत: टॅटलाच अडवायचं आणि कुलूप कधी उघडूच द्यायचं नाही.