म्यूसिन: निळं की किरमिजी, पेशीत की पेशीबाहेर?

एंडोस्कोपीत जठरातून काढलेला तुकडा जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढा असतो. लॅबमध्ये त्याचे साधारण ४ मायक्रॉनचे काप काढतात. नेहमीच्या हिमॅटॉक्सिलिन-इओसिन रंगात म्यूसिन, म्हणजे श्लेष्म्याला चिकटपणा देणारं साखरयुक्त प्रथिन, फिकट निळसर, कधी चक्क मोकळी जागा वाटावी असं दिसतं. म्हणून शंका आली की खास रंग लावायचाच.

सगळ्यात उपयोगी जोडी अल्शियन ब्लू आणि पीएएस (पिरिऑडिक ॲसिड-शिफ). आधी पीएच २.५ चा अल्शियन ब्लू ३० मिनिटं. धुऊन १ टक्का पिरिऑडिक ॲसिड १० मिनिटं, पुन्हा धुऊन शिफ द्रावण १५-२० मिनिटं, मग नळाच्या वाहत्या पाण्याखाली १० मिनिटं. आम्लधर्मी म्यूसिन निळं होतं, उदासीन म्यूसिन किरमिजी. निरोगी जठराचा पृष्ठभाग किरमिजी दिसतो. तिथे निळ्या गॉब्लेट पेशी (आतड्यातल्या, म्यूसिन बनवणाऱ्या पेशी) दिसल्या, तर जठराचं अस्तर आतड्यासारखं होऊ लागलंय.

पीएएस ग्लायकोजेनलाही (पेशीत साठवलेल्या साखरेलाही) रंगवतं. दोन्हींतला फरक कळावा म्हणून दुसरी स्लाइड आधी ३७ अंशांवर डायस्टेज या विकरात (एन्झाइममध्ये) ठेवतात. ग्लायकोजेन निघून जातं, म्यूसिन टिकतं. नाशिकच्या एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात शिफची बाटली टेबलावर राहिली, तर सल्फर डायऑक्साइड उडून द्रावण गुलाबी पडतं आणि रंग चढत नाही. ती फ्रिजमध्ये, अंधारातच हवी. फॉर्मलीनमध्ये शिफचे दोन-चार थेंब टाकून पाहावं: लगेच गडद किरमिजी झालं तर द्रावण चांगलं. प्रत्येक खेपेला अपेंडिक्सची कंट्रोल स्लाइड (जिच्यात म्यूसिन नक्की असतं) सोबत हवीच. तिच्याशिवाय ‘म्यूसिन नाही’ असं लिहिणं धोक्याचं.

खरी कसोटी सिग्नेट रिंग पेशींची. म्यूसिनमुळे केंद्रक कडेला ढकललेल्या या कॅन्सरपेशी सुजेच्या गर्दीत एकेकट्या दडतात. चरबीने भरलेल्या मॅक्रोफेज (भक्षक) पेशी तशाच फेसाळ दिसतात, पण पीएएसने रंगत नाहीत. मात्र म्यूसिन गिळलेल्या मॅक्रोफेज रंगतात! तेव्हा सायटोकेरॅटिन (कॅन्सरपेशी दाखवणारी प्रतिपिंड-चाचणी) आणि सीडी६८ (मॅक्रोफेज दाखवणारी) लावूनच निर्णय घ्यावा. कापच कमी उरले असतील तर मी आधी हेच दोन लावेन.

मोठ्या आतड्यात प्रश्न जागेचा असतो. गाठीचा ५० टक्क्यांहून जास्त भाग पेशीबाहेरच्या म्यूसिनचा असेल, तर तिला म्यूसिनस कार्सिनोमा म्हणतात. गुदाशयाच्या कॅन्सरला आधी किमो-रेडिएशन दिलं असेल, तर शस्त्रक्रियेच्या नमुन्यात नुसती म्यूसिनची तळी सापडतात. त्यांत पेशी नसतील तर तो उरलेला कॅन्सर धरत नाहीत. पण तसं लिहिण्याआधी ब्लॉकचे (नमुना बसवलेल्या मेणाच्या ठोकळ्याचे) आणखी खोलवरचे काप पाहावे लागतात.