ठाण्याचा किल्ला, जेलच्या तटाआडचा

'जेल दुसरीकडे हलवा आणि ठाण्याचा किल्ला लोकांना खुला करा' ही मागणी जुनीच आहे. ठाण्यात ती अधूनमधून जोर धरते आणि मागे पडते. कोर्ट नाक्यावरून कळवा पुलाकडे जाणाऱ्या हजारो माणसांना किल्ल्याची काळ्या दगडाची भिंत रोज दिसते. आत आहे ते ठाण्याचं कारागृह. पण ठाणेकराला विचारलं तर तो 'जेल' म्हणेल, 'किल्ला' नाही. घोळ सुरू होतो तो या दोन शब्दांतच.

किल्ल्याचं काम पोर्तुगीजांनी १७३०च्या सुमारास काढलं. ते पुरं व्हायच्या आत, १७३७ मध्ये, मराठ्यांनी ठाणं घेतलं. पुढे डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी हल्ला करून किल्ला जिंकला आणि १७८२च्या सालबाईच्या तहाने साष्टी, म्हणजे ठाणं ज्या बेटावर आहे ते बेट, कायमची त्यांच्याकडे गेली. म्हणजे मराठ्यांकडे हा किल्ला राहिला जेमतेम ३७ वर्षं.

कैद्यांशी या तटाचं नातं जेलच्याही आधीचं आहे. बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांच्या खुनाचा ठपका दुसऱ्या बाजीरावाचे विश्वासू त्र्यंबकजी डेंगळे यांच्यावर आला, १८१५ मध्ये पेशव्याने त्यांना इंग्रजांच्या हवाली केलं आणि त्यांना इथेच ठेवण्यात आलं. पहारा गोऱ्या शिपायांचा. म्हणजे फितुरीला वाव नको. पण त्या शिपायांना मराठी येत नव्हतं. खिडकीखाली घोड्याला खरारा करता करता एक मोतद्दार गाणं म्हणायचा आणि त्या गाण्यातूनच पळून जाण्याचा बेत आत पोचत होता, असं सांगतात. १२ सप्टेंबर १८१६च्या रात्री त्र्यंबकजी निसटले. पेशवाईच्या शेवटाकडे नेणाऱ्या घटनांत या पलायनाचा मोठा वाटा आहे.

पुढे इंग्रजांनी किल्ल्याचाच तुरुंग केला. इंग्रजांविरुद्ध बंड करणाऱ्या राघोजी भांगरे यांना २ मे १८४८ रोजी इथे फाशी दिली. नाशिकच्या कलेक्टर जॅक्सनच्या वधाबद्दल १९ एप्रिल १९१० रोजी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे हे तिघं इथेच फासावर गेले. कान्हेरे तेव्हा अवघे १८ वर्षांचे होते. अंदमानला जाण्याआधी सावरकरांनाही काही काळ याच कारागृहात ठेवलं होतं.

आता प्रश्न असा, की 'किल्ला खुला करा' म्हणताना नेमकं काय खुलं करायचं? मागणीच्या बाजूचे बरेच जण तट-बुरूज दुरुस्त करून मराठेशाहीचं स्मारक व्हावं असं म्हणतात. विरोध करणारे सुरक्षेकडे बोट दाखवतात आणि एवढे कैदी न्यायचे कुठे, असं विचारतात. वर ठाण्याची न्यायालयं इथून हाकेच्या अंतरावर. जेल लांब गेलं तर प्रत्येक तारखेला कैद्यांची ने-आण वाढेल. ही अडचण खरी आहे आणि ती झटकून टाकण्यासारखी नाही. पण स्मारकाच्या कल्पनेतली गडबड त्याहून मोठी वाटते. ३७ वर्षांच्या किल्ल्यासाठी दीडशेहून जास्त वर्षांचा तुरुंग पुसला, तर राघोजी आणि ते तीन तरुण कुठे दाखवणार? बराकी पाडून बाग केली की फाशीची जागा उरते ती फक्त पाटीपुरती. जेल हलवायचं असेल तर खुशाल हलवावं, पण कोठड्या जशाच्या तशा राहायला हव्यात, असं आग्रहाने म्हणावंसं वाटतं.

तोवर किल्ला पाहायचा म्हणजे बाहेरून पाहायचा. आत जायला तुरुंग प्रशासनाची परवानगी लागते आणि ती सहज मिळत नाही. दारापर्यंत रोज येणारी माणसं वेगळीच असतात. हातात आधार कार्ड आणि कपड्यांची पिशवी घेऊन ती मुलाकतीच्या रांगेत उभी असतात, आणि त्यांच्या पाठीला टेकलेला तट पोर्तुगीजांनी बांधायला काढलेला असतो.