शेंदरी : शिशाचा लाल की पाऱ्याचा?

‘शेंदरी’ म्हणजे शेंदराच्या रंगाचा. घोळ आहे तो शेंदूर कशाला म्हणायचे यात.

अमरकोश स्पष्ट सांगतो, ‘सिन्दूरं नागसंभवम्’. नाग म्हणजे शिसे. मुरदाडशिंग (शिशाचे पिवळसर ऑक्साइड) हवेत ४५० ते ४८० अंश सेल्सिअसला ढवळत भाजले की नारिंगीकडे झुकणारा शेंदूर तयार होतो. आच ५५० च्या वर गेली की तो पुन्हा पिवळा पडतो. हिंगूळ निराळा. पारा आणि गंधक (वजनाने साधारण सव्वासहास एक) घोटले की आधी काळी कज्जली होते. तिचे ऊर्ध्वपातन केल्यावर, म्हणजे तापवून वाफ करून ती पुन्हा गोठवल्यावर, लाल रंग हाती येतो. तरीही कज्जलीपासून कूपीत (काचेच्या बाटलीत) केलेल्या पाऱ्याच्या औषधाला रसशास्त्रात, म्हणजे आयुर्वेदाच्या धातू-खनिजांच्या औषधशास्त्रात, नाव मिळाले ‘रससिंदूर’. शिशाचा त्यात अंशही नको असतो.

लॅटिनमध्येही हेच झाले. ‘मिनियम’ आधी हिंगुळाचे नाव होते, पुढे ते शेंदराला चिकटले. पोथ्यांतल्या लाल अक्षरांमुळे त्यातून ‘मिनिएचर’ आले. लहान आकाराचा अर्थ मागाहूनचा. हिंगुळाचे इंग्रजी नाव ‘व्हर्मिलियन’, त्याचे मूळ तर ‘छोटा किडा’. रंग देणाऱ्या किड्यांचे हे नाव पुढे पाऱ्याच्या रंगाला गेले. म्हणजे व्युत्पत्तीने ते आपल्या ‘किरमिजी’चे भावंड. भाषांतरात सर्रास शेंदूर = व्हर्मिलियन लिहितात, ते रसायनाच्या हिशेबाने चूकच आहे.

वजनावरून भेद कळत नाही, दोन्ही जड. विरल नायट्रिक आम्लाचा थेंब टाकला की शेंदूर तपकिरी होतो, हिंगूळ तसाच राहतो. तापवून पाहू नये. हिंगुळातून पाऱ्याची वाफ निघते.

हिंगुळाची खोड अशी की उजेडात तो काळवंडतो, क्लोराइड असेल तर लवकर. १९१० च्या सुमारास कॅडमियम रेड बाजारात आला आणि चित्रकारांनी हिंगूळ हळूहळू सोडला. आता ट्यूबवर मोठ्या अक्षरांत ‘व्हर्मिलियन’ असले तरी मागचा रंगद्रव्य-क्रमांक वाचावा: पीआर (पिगमेंट रेड) १०६ म्हणजे खरा हिंगूळ, पीआर १०५ शेंदूर, पीआर १०८ कॅडमियम. नावापुढे ‘ह्यू’ लिहिले असेल तर फक्त छटा जुळवलेली असते. लोखंडाला लावायच्या प्रायमरातही असाच बदल झाला. पूर्वी तो शेंदराचा असे. हल्लीचा ‘रेड ऑक्साइड’ लोहाचा, तांबूस-विटकरी, आणि त्याला शेंदरी म्हणता येत नाही.